पान सतरा

चिरेखाणीवरची अकरा माणसं
पहाटेच देवगडच्या ठाण्यात नेली.
दुपारी मला बोलावणं, पंच म्हणून:
बाई, अंगणवाडी चालवता, सही करा.

कुणाकडे कागद नाही, हवालदार म्हणाले.
एक आधार कार्ड सापडलं,
तेही दुसऱ्याच कुणा रुबेलचं.
खाणमालक मोबाईल बघत होता;
दोन आठवड्यांची मजुरी अजून त्याच्याच खिशात.
सरपंच म्हणाले, कायदा तो कायदा.
ते काही खोटं नव्हतं.
त्यांच्या नव्या घराचे चिरे रुबेलनंच कापलेत,
हेही नव्हतं.

मोनिरा बाकावर पाय हलवत बसलेली.
'बाय, माका तान लागली.'
बाटली दिली.

माझ्या रजिस्टरात ती आहे:
पान सतरा, वजन अकरा किलो दोनशे,
गोवराची लस दिली, रडली नाही.
तेवढाच तिचा कागद.
पिशवीत होता.
कुणी मागितला नाही,
मी काढला नाही.

माझा भाऊ सुधाकर कुवेतला
व्हिसा संपल्यावर तीन वर्षं होता.
तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली
तेव्हा आईनं रामेश्वराला नारळ ठेवला.
त्याला आम्ही घुसखोर नाही म्हटलं कधी.
अडकलाय, म्हणायचो.

सही केली मी. पूर्ण नाव, तारखेसकट.

महिनाअखेरीस वजनं झाली.
सतराव्या पानाला शेरा हवा होता.
'स्थलांतरित' लिहिलं,
आणि बघत राहिले त्या शब्दाकडे,
जसं काही
स्वतःच चपला घालून
निघून गेलं कुणी.