आठाचा आकडा

देवगडला डाकबंगल्यामागच्या कातळावर
चुन्याने आठ काढलाय.
आज चौथा गुरुवार, कॅम्पचा दिवस.
साहेब सांगतात, पाय टेकला की नापास.

मी सुलभा खवणेकर, वय चोपन्न.
आठवडाभर ओहोटीला पुळणीवर
हाच आकडा गिरवला चाकांनी;
भरती येऊन पुसून जायची.

खालच्या वळणाला चपलेचा अंगठा
कातळाला लागला, जरासाच.
'पुढच्या महिन्यात या, आजी.'
नापासाचं नाही,
आजी म्हणाले ते जास्त लागलं.

आमचे हे कुंपणापाशी उभे.
तीस वर्षं राजदूत दामटली, कागद एक नाही.
म्हणाले, 'बस पाठी, मी चालवतंय.'
'लायसन?' मी विचारलं.
ते समुद्राकडे बघू लागले.

शिकाऊच्या मागे परवान्याचं माणूस लागतं.
म्हणून सून बसली,
तिच्या पदराला मी पिन लावली,
पुढे-मागे लाल टेपचा एल.

जामसंड्याच्या चढाला ती कानात ओरडली,
'आई, इंडिकेटर!'
लावला.
ह्यांची एसटी मागून हॉर्न देत होती, केव्हाची.
आरशात बघून, हात दाखवून
वाट दिली.
तोही नियमच आहे.