पेन्सिलीचा भाव

व्हर्न पिलार्स्की भाव कधी पेनाने लिहीत नाही.
खोडरबर शर्टाच्या खिशात, चष्म्याशेजारी.
मी ईरीतल्या या दुकानात कामाला लागले
तेव्हा त्याने एवढंच शिकवलं:
हलक्या हाताने लिही, डॉटी,
कागदावर वळ उठता कामा नये.

'कॉपर हेरन', अंक सतरा.
तीस वर्षं चार डॉलरच्या खोक्यात.
चाळायचे सगळे, उचलायचं कोणी नाही.
पान नऊ, खालचा कोपरा:
एक बाई पुलाखालून बाहेर येते, हातात कंदील,
एक वाक्य बोलते आणि जाते.
बस, तेवढंच.
चित्रकाराने तिला धड चेहराही दिला नव्हता.
बहुधा शुक्रवार असेल,
बहुधा त्याला घरी जायची घाई.

मग तिच्यावर मालिका आली.
पहिल्या रविवारनंतर साठ.
दुसऱ्या रविवारनंतर दोनशे दहा.
टोलीडोहून एक जण साडेतीन तास गाडी हाकत आला,
नऊशे मोजले,
आणि पान नऊ न उघडताच परत गेला.
मी दर सोमवारी खोडायचे, लिहायचे.
रबराचा चुरा काउंटरवर साचायचा,
बाहेर सरोवरावरून येणारा बर्फ
आतही थोडा पडल्यासारखा.

कंदीलवाली आता भाव खात होती
आणि आम्ही तिच्या भावावर जेवत होतो.
(दुकानाचा हीटर त्याच वर्षी बदलला,
खोटं कशाला बोलू.)

लेलंड ऑसगुडने अकरा घेतले.
इंजिनाच्या कारखान्यातून निवृत्त,
छपरासाठी ठेवलेले पैसे.
अकराच्या अकरा कडक प्लास्टिकमध्ये बंद,
वर शिक्का: नऊ पूर्णांक आठ.
दर शनिवारी यायचा, हातमोजे न काढता विचारायचा,
टिकेल ना?
व्हर्न मागच्या भिंतीकडे हनुवटी करायचा.
तिथे खोकी छतापर्यंत:
पाणबुड्या, जुळ्या डॉक्टरणी,
न्यायाधीश झालेला कुत्रा.
एकेकाळी या सगळ्यांनी
अख्ख्या देशाची एकेक संध्याकाळ अडवून धरली होती.
लेलंड म्हणायचा, हिची गोष्ट वेगळी आहे.
व्हर्न म्हणायचा, कुत्र्याचीही वेगळी होती.

मालिका बंद झाल्याचं एका मंगळवारी कळलं,
हवामानाच्या बातमीआधी, अर्ध्या मिनिटात.
सोमवारी तीनशे चाळीस.
पुढच्या सोमवारी नव्वद.
मग पस्तीस, आणि मी थांबले,
कारण लेबल खोडून खोडून इतकं झिजलं होतं
की दिव्यासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसायची.

फेब्रुवारीत लेलंड आला, अकरा डबे पिशवीत.
विकायला आलोय, असं म्हणाला नाही.
व्हर्ननेही विचारलं नाही. कॉफी ओतली.
मग लेलंडने माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागितला
आणि एक डबा फोडला.
प्लास्टिक तडकलं तेव्हा
आम्ही तिघांनीही खांदे चोरले.

त्याने पहिल्या पानापासून वाचलं,
ओठ हलवत, आमचे सगळे शनिवार वसूल करत.
नवव्या पानावर थांबला.
हिला चेहराच नाही, म्हणाला.
नाही, व्हर्न म्हणाला.
मालिकेत होता.
मालिकेत होता.

चौदाव्या पानावर तो हसला.
तिथे हेरनच्या बुटात पाणी शिरतं
आणि उडताना ते खाली उभ्या पोलिसावर सांडतं.
मला ते कधीच फार विनोदी वाटलं नव्हतं.
त्या दिवशीही नाही वाटलं,
पण त्याला हसताना पाहिलं.

फोडलेला अंक तो कोटाच्या आत घालून गेला.
दहा काउंटरवर राहिले.
विसरला की ठेवून गेला, ते कळलं नाही.
मी नवी लेबलं काढली, विचारलं, काय लिहू?
व्हर्न खिडकीतून त्याची गाडी
बर्फातून मागे येताना बघत होता.
ऐकतोय की सिनेमा काढतायत, तो म्हणाला.
पेन्सिलीला टोक कर.