तांडेल वल्हं मारत नाही

क्लाक्सविकच्या नौकाघरात, जिन्याखाली,
ओल्या लोकरी मोज्यांच्या शेजारी
आमचा जुना सर्व्हर राहायचा.
अकरा वर्षं त्यानं खारी हवा खाल्ली.
मंगळवारी पंखा एकदा खोकला
आणि बसला तो बसलाच.

ब्रांडुर म्हणाला, "रान्वा, आता सगळं ढगात टाकू."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
फेरो बेटांवर ढग दारातच येऊन उभा असतो.
मेंढ्या त्यात शिरतात, आणि संध्याकाळी मोजताना
दोन-तीन कमीच भरतात.

पोरगा एक नवं अवजार लावून देऊन
रात्रपाळीला गेला, मासळीच्या कारखान्यात.
जाताना एवढंच म्हणाला:
"कसं करायचं ते त्याला सांगत बसू नकोस.
काय हवं तेवढं सांग."
साठ वर्षं मला नेमकं उलट शिकवलं होतं.

मी लिहिलं:
एक डेटाबेस हवा.
सरावाच्या वेळापत्रकाचं एक पान.
शर्यतीच्या दिवशी मटणाच्या सुपाची कुपनं विकणारं दुसरं.
आणि दारावर एक जण, येईल त्याला वाट दाखवणारा.
कुठेतरी, फ्रँकफुर्टला म्हणे, थंड खोलीत
चार यंत्रं माझ्यासाठी डोळे चोळत उठली.

पडद्यावर चार ओळी:
वाट पाहतो आहे.
वाट पाहतो आहे.
वाट पाहतो आहे.
अडलो आहे.

अडलेल्याला विचारलं, काय रे बाबा?
तर म्हणे, माझी कुणाशीच गाठ घालून दिलेली नाही.
खरंच की. चौघांना एका नावेत बसवलं
आणि ओळखच करून दिली नाही.
मग एकेक सोयरीक जुळवली:
वेळापत्रक डेटाबेसला दिलं,
कुपनंही त्यालाच (तो काही बोलला नाही),
दोन्ही पानांना दारवानाच्या हाती सोपवलं.
मध्यस्थाला ना जेवण, ना आहेर.
केटलीतलं पाणी उकळेपर्यंत
एकेक ओळ हिरवी होत गेली.

माझा बाप सहा वल्ह्यांच्या नावेवर तांडेल होता.
वल्ह्याला कधी हात लावायचा नाही.
मागे बसून नुसता आवाज: हा, हा, हा.
लहानपणी वाटायचं, काय आळशी माणूस.
एकदा वाऱ्यात त्याचा घसा बसला
आणि सहाच्या सहा वल्ही
एकमेकांवर आपटली, फडताळातून पडलेल्या भांड्यांसारखी.

मग मी खेळले, कबूल करते.
मुद्दाम एक यंत्र पाडलं.
दुसरं उठून त्याच्या जागी बसलं,
जागा गरम आहे का, हेही न बघता.
मला ते आवडलं नाही.
पुन्हा पाडलं. पुन्हा उठलं.
जिन्याखालचा म्हातारा निदान खोकायचा तरी.

झोपण्याआधी सगळं मोडायचं होतं.
चाचणीच ती. भाडं तासावर.
मोडायचा हुकूम एका शब्दाचा,
बांधण्याहून कितीतरी सोपा.
तो लिहिला, आणि एंटर दाबायच्या आत
खुर्चीतच माझा डोळा लागला.

सकाळी नोंदी उघडल्या.
रात्रभर चार यंत्रं जागी, आणि पाहुणा
एकच. तीन चाळीसला.
बॅरेंट्स समुद्रातला कुठलासा ट्रॉलर,
उपग्रहावरून, थांबत थांबत,
आमच्या जुन्याच पत्त्यावर आलेला;
ब्रांडुरनं जाता जाता ती वाट इकडे वळवली होती.

कुपनांकडे त्यानं पाहिलंही नाही.
वेळापत्रक उघडलं, मेपर्यंत सरकवलं,
तिसऱ्या वल्ह्यापुढच्या रिकाम्या चौकटीत
नाव लिहिलं: होग्नी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
जागा ठेवा. सवय सुटलीय, पण येतो.

ब्रांडुर आला, अंगाला मासळीचा वास.
"चाललं का? मोडलंस ना?"
मी पडद्यावरचा तो एक शब्द
शेवटाकडून, अक्षर अक्षर, खोडत होते.
"अगं, बिल येईल."
"येऊ दे," म्हटलं,
"सूप पाच क्रोनरनं महाग करू."