बंद शिंप्याची गल्ली

तीन वर्षं मी एक अक्षर बदलायचो
आणि सगळा प्रोग्राम बंद करायचो.
मग सुरू. मग चाळीस सेकंद.
मग लॉगिन, मग सात रकाने पुन्हा भरायचे,
तेव्हा कुठे दिसायचं
की बटणाचा निळा जरा जास्तच झालाय.
पुन्हा बंद.

त्या चाळीस सेकंदांत मनामा खिडकीत यायचं:
एक क्रेन, एक पाण्याची टाकी,
समोरच्या गच्चीवर कुणाचा तरी बनियन,
वाळून पापड झालेला.

परकारबाई टेस्टिंगच्या, मूळच्या दाभोळच्या,
घावनाचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाल्या,
"अरे, हे आपोआप होतं की. बंद कशाला करतोस?"
तिसऱ्या मेनूत, 'प्रगत'च्या खाली,
आणखी एक बाण उघडून
त्यांनी दाखवलं: हॉट स्वॅप.

मी ते वाचलं होतं. कितीदा तरी.
बाहेर शेहेचाळीस अंश;
हॉट म्हणवणाऱ्या बटणाला कोण हात लावतो?
वाटलं, पंख्याचं काहीतरी असेल.
मी शोधत होतो 'न थांबता',
'चालू असतानाच', 'पुन्हा पुन्हा नको',
एकदा तर रात्री दोनला नुसतंच 'कंटाळा'.
काही सापडलं नाही.

बारसं झालं असणार, नक्की.
आत्यानं कानात कुर्रर्र केलं असेल,
पण इतकं हळू
की पाळण्याभोवतीच्या चौघांनाच कळलं.

त्या संध्याकाळी टॅक्सीत बसलो.
इमारतीचा नंबर सांगितला, रस्त्याचा सांगितला, ब्लॉकचा सांगितला.
म्हातारा ड्रायव्हर आरशातून बघत राहिला.
मग म्हटलं, तो बंद शिंपी, त्याची गल्ली.
"खय्यात!" म्हणाला, आणि वळलासुद्धा.
शिंपी जाऊन बारा वर्षं झाली म्हणे.
तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

आता मी अक्षर बदलतो
आणि ते बदललेलं असतं. रकाने भरलेलेच.
बनियन कुणाचा, ते मात्र आता कळायचं नाही.

सोमवारी नवा मुलगा आला, जिबिन.
दोन दिवस पाठीमागून ऐकतोय:
टक, बंद. टक, सुरू. मग खुर्चीची करकर.
विचारत नाही काही.
काय म्हणून विचारणार?

त्याच्या स्क्रीनच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवली:
'थांबवायचं नाही. तिसरा मेनू, शेवटचा बाण.'
एसीच्या वाऱ्यानं ती दुपारीच पडली.
चिकटपट्टी आणायला खाली गेलो.
स्टोअरवाल्याला तिचं नाव सांगता येईना,
हवेतच ओढून
दातांनी तोडून दाखवली.