नऊ वर्षांची साल

कोरुशच्या त्या दुकानाला घंटी नाही,
दारच घासतं फरशीला.
झेफेरीनु येतो तो बूट हातात घेऊन,
जणू तक्रार बुटांचीच आहे.

एउलालिया त्याला फोमच्या खोक्यात उभं करते.
ठसा उमटतो सपाट, अखंड;
कमानीच्या जागीही पाऊलच.
"चाळीस उन्हाळे शिडीवर," तो म्हणतो,
"कुऱ्हाड चालते, पाय उभा राहतो."

फळीवर टाचेच्या वाट्या, बोटांमागचे गुबगुबीत उंचवटे,
आणि एका पोरीचा प्लास्टिकचा घोटा-आधार, गुलाबी,
त्यावर मासे. शनिवारी न्यायचाय.

त्याला मात्र बूच.
ती कानस मारते. तपकिरी भुगा
तिच्या चष्म्यावर, त्याच्या मिश्यांत.
तुकडा नाकाशी नेऊन तो सांगतो,
"नदीकडच्या उताराचं झाड."
असेलही.

साल काढली की झाडावर पांढरा आकडा रंगवतात,
मग नऊ वर्षं कोणी हात लावत नाही.
पायावर कोणी आकडा घातला नव्हता.

तो उभा राहतो. डावीकडे टोचतं.
ती पुन्हा घासते, जरा जास्तच.
"आठवडाभर वापरा. दुखलं तर या."

दाराशी जाऊन तो वळतो:
"आणि नाही दुखलं तर?"