दोनशे बारा गाणी

गुरुवारी संध्याकाळचं संकलन निम्म्यावर आलं
आणि दूध संस्थेचा कॉम्प्युटर काळा पडला.
वरच्या कोपऱ्यात एकच पांढरी ओळ :
ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.
आनंदाआबांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला,
म्हणाले, सकाळी तर हितंच हुती की.

राजारामपुरीतला मेकॅनिक फोनवर म्हणाला, सोमवारी येतो.
सोमवार म्हणजे मध्ये सात वेळा दूध.
वजन वहीत लिहिता येतं, फॅटही,
पण दहा दिवसांचं बिल उद्यावर,
आणि आक्काताई चौगलेच्या पोराची फी त्या बिलात बसवलेली.
"मी थांबतो की बाई," ती म्हणाली,
"म्हशीला तेवढं सांग थांबायला."

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, संध्याकाळी फॅट मशीनवर.
मला एवढंच ठाऊक, की असल्या मशीनला
बाहेरून उठवावं लागतं,
आणि त्यासाठी पेन ड्राइव्ह लागतो, आठ जीबीचा तरी.

परिते फाट्यावरची दुकानं आठला बंद.
गावात हाताशी एकच : केरबानानाच्या ट्रॅक्टरचा,
लाल रेशमी गोंडा बांधलेला,
उसाच्या रांगेत कारखान्याबाहेर रात्र रात्र वाजणारा.
नाना पायरीवर तंबाखू मळत होता.
"दोनशे बारा गाणी हाईत त्यात," म्हणाला.
आणि गोंड्यासकट दिला.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर.
साडेतीन जीबी.
नऊ ते साडेबारा मी खालच्या पायरीवर बसून
फोनला कुत्र्यांपासून राखलं.

पहिल्यांदा चुकले.
उतरलेली फाइल नुसती गाण्यांशेजारी ठेवली,
कॉम्प्युटरनं ओळखसुद्धा दाखवली नाही.
खुर्चीत पेंगणारे आबा डोळे न उघडता म्हणाले,
दुधात दूध ओतून दही लागतंय व्हय?

मग विरजणासारखंच केलं.
लॅपटॉपवर तो प्रोग्राम लावला, जो फाइल उकलतो,
पहिल्या थेंबापासून ड्राइव्हवर मांडतो
आणि मशीनला कळेल अशी खूण वर ठेवतो.
त्यानं आधी विचारलं :
या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?
मी गाणी काढून ठेवणार होते. खरंच.
पण पावणेदोन वाजले होते
आणि बोट माझ्या आधी पोचलं.

हिरवी पट्टी सरकत राहिली
दोनशे बारा गाण्यांच्या अंगावरून.

मग बटण दाबून लगेच एफ-बारा,
पुन्हा एफ-बारा, पुन्हा,
आतून कडी लावलेलं दार वाजवावं तसं.
पडदा निळा झाला.
आबा ताडकन उठले.
कुठं बसवू, त्यानं विचारलं.
सी मध्ये. सी पुसलास तरी चालेल.
डी ला हात लावायचा नाही,
डी मध्ये अकरा वर्षांचं दूध आहे.

पावणेपाचला चालू झाला तेव्हा
तारीख कुठल्यातरी जानेवारीची दाखवत होता,
बाकी शुद्धीवर होता.
पहिली किटली आक्काताईची.
फॅट सहा पॉइंट आठ.
तिनं पावती उजेडाकडं धरून पाहिली, नोट बघतात तशी.

सातला नाना आला.
मी सांगितलं.
त्यानं गोंडा बोटाला गुंडाळला, सोडला.
"समदी?"
समदी.
काही न बोलता गेला.

चार दिवस ट्रॅक्टर गावातून मुका गेला.
आक्काताईनं मला दोनदा विचारलं, नाना आजारी हाय काय?
मी खाली बघून दूध ढवळत राहिले.

पाचव्या दिवशी संस्थेच्या दारात ब्रेक लागला.
सीटवरूनच ओरडला :
"पोरी, म्होरल्या चाकाचं बेरिंग वाजतंय की गं!
दोन हंगाम वाजत असणार.
गाण्यात ऐकूच आलं न्हाई!"
उद्यमनगरला निघालो म्हणाला,
आणि लाल गोंडा माझ्याकडं फेकला.
"भर परत.
पर शंभरच भर."