लेट

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
दर गुरुवारी सातला माझा वर्ग भरतो.
सहा जण. कितीही साबण लावा, हातांना हॅडॉकचा वास.
हीटर धापा टाकतो, मी फळ्यावर लिहिते:
नाम, विशेषण, क्रियाविशेषण.

दाइवा म्हणते, शेपूट लावलं की झालं ना?
क्विकला ली, स्लोला ली,
आणि नसलेला सुरा नसलेल्या माशावरून
सर्रकन फिरवून दाखवते: क्विकली!
झालं, म्हणते मी. बहुतेक वेळा.

म्हणूनच शिरवाननं अर्जात लिहिलं, आय वर्क हार्डली.
सुपरवायझर पोट धरून हसला,
म्हणे, खरं बोलणारा पहिलाच भेटला.
शिरवान रात्रपाळी करून आलेला, डोळे लालबुंद.
मी समजावलं: हार्डला शेपूट लावलं
की कष्ट उडून जातात, उरतं जेमतेम.
त्यानं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं,
हा नियम ज्यानं केला,
त्यानं कधी खवले काढले होते का?

तेस्फालेम फारसा बोलत नाही.
घरच्यांवर पाच वाक्यं आणा म्हटलं होतं, त्यानं आणली.
आई गुड स्वयंपाक करते, तिथं वेल हवं. केलं.
बहीण ब्युटिफुली आहे. शेपूट छाटलं.
तिसरं: माय ब्रदर इज लेट

रबरी बोटीचं मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.
तरी माझी लाल पेन्सिल थांबली नाही.
विशेषण उचल, म्हटलं, नामाच्या आधी ठेव:
माय लेट ब्रदर.
त्यानं विचारलं, मागेच ठेवलं तर?
मग त्याचा अर्थ, म्हटलं, तो नुसता
उशिरा येतोय.

या गावात बोटींनाही
आधी उशीरच होत आला आहे.
माझ्या आईनं तीन हिवाळे
हाच शब्द मागे ठेवून काढले.

मग मागेच राहू दे, तो म्हणाला.

आणि लेटली? दाइवानं मध्येच विचारलं, बहुधा मुद्दाम.
लेटली म्हणजे हल्ली, मी म्हणाले. उशिराशी संबंध नाही.
पुन्हा शेपटानंच घात केला, शिरवान पुटपुटला,
आणि आम्ही हसलो, जरा जास्तच.

शेवटची बस नऊ चाळीसची.
वह्या गोळा करताना पाहिलं:
कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, विशेषण त्याला हवं तिथं.
पूर्णविराम मात्र त्यानं दिला नव्हता.
मीही दिला नाही